जुने पाडावे की दुरुस्त करावे?

सौदी अरेबियात दोन उलट गोष्टी घडल्या आहेत. मक्केचा अज्याद किल्ला २००२ साली टेकडीसकट गेला. यात्रेकरूंना खोल्या हव्यात हे खरे. आज तेथे ६०१ मीटर उंच मनोरा आहे. जेद्दाच्या अल-बलाद भागातील प्रवाळी दगडांची, लाकडी सज्जांची घरे मात्र वाचली. धनिक मालक सोडून गेले, गरीब परदेशी मजूर भाड्याने राहिले, भिंती खचल्या. २०१४ साली ती जागतिक वारसा ठरली. २०१९ मध्ये ५६ इमारतींसाठी ५ कोटी रियाल जाहीर झाले.

आम्हाला दुरुस्तीच पटते. आपल्या पोर्ट लुईत आप्रवासी घाटाचा बराच भाग रस्त्याखाली गेला, तो परत आला नाही. उरलेल्या पायऱ्याच आपण मुलांना दाखवतो. मात्र जेद्दातील काही दुरुस्त घरांत आता हॉटेले आहेत. मजुरांची सोय कोण पाहणार?