सुलभतेचा भ्रम

१ जानेवारी २०२५ रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना सुरू झाली आणि संशोधनलेखांच्या दुर्मिळतेचा प्रश्न निकालात निघाला, असा समज विद्यापीठीय वर्तुळात रूढ होत आहे. तो तपासून पाहिला पाहिजे. वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयासारख्या शासकीय संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके खुली झाली. हवा तो इंग्रजी लेख शोधावा, छापून घ्यावा. मात्र त्याच जिल्ह्यातील मराठीच्या संशोधकाला वसंत दावतरांनी १९६२ पासून चालविलेल्या ‘आलोचना’तील एखादा लेख हवा असेल, तर ही योजना निरुपयोगी ठरते. असा लेख आहे, हेच आधी त्याला कुणीतरी सांगावे लागते. मग जुन्या अंकांचा शोध, प्रवास आणि छायाप्रत.

हा प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही. जे सापडते तेच उद्धृत होते आणि जे उद्धृत होते तेच सिद्धान्त म्हणून प्रतिष्ठा पावते. मराठीला स्वतःची सैद्धान्तिक परंपरा नाही, हा निष्कर्ष मग सोयीस्करपणे काढला जातो. वस्तुतः तो समीक्षेविषयीचा नसून लेखसूचीच्या अभावाविषयीचा निष्कर्ष असतो. सूचीचे हे काम मराठी विभागांचेच आहे. ते ग्रंथपालांवर सोपवून देशीयतेवर चर्चासत्रे भरविणे, हा शुद्ध दांभिकपणा होय.