केसपेपरचा धनी कोण?

आरोग्य खात्याच्या आढावा बैठकीत एक प्रश्न हमखास विचारला जातो : "पोर्टलवर किती टक्के एन्ट्री झाली?" टक्केवारी वाचून दाखवली जाते, मागे पडलेल्या तालुक्याला समज दिली जाते आणि बैठक पुढच्या विषयाकडे वळते. ती एन्ट्री कोणी केली, त्याला काय शिकवले होते, त्याची नेमणूक कोणत्या पदावर आहे, आणि त्याने भरलेले वाचून एखाद्या डॉक्टरने कधी औषध बदलले का, हे प्रश्न विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही. माझे म्हणणे असे की इलेक्ट्रॉनिक मेडिकल रेकॉर्डच्या बाबतीत प्रशासनाचे बरेचसे अपयश या न विचारलेल्या प्रश्नांत दडलेले आहे. रुग्णाची नोंद ठेवणे हा उपचाराचा भाग आहे. आपण मात्र त्याला टंकलेखन समजतो आणि टंकलेखनाच्या भावाने ते कंत्राटदाराकडून विकत घेतो.

विषय अधांतरी राहू नये म्हणून एक ठिकाण डोळ्यांपुढे ठेवू. म्हैसूर जिल्ह्याच्या पिरियापट्टण तालुक्यात बेट्टदपुर नावाचे गाव आहे. कन्नडमध्ये बेट्ट म्हणजे डोंगर. येथील डोंगरावर मल्लिकार्जुनाचे जुने देऊळ आहे. हे होबळीचे गाव. होबळी म्हणजे आपल्याकडील महसूल मंडळासारखा तालुक्याचा पोटविभाग. हे गाव निवडण्याचे कारण म्हणजे या तालुक्यातील माणसांची विविधता. संकेती ब्राह्मणांची एक शाखा या गावाच्याच नावाने ओळखली जाते. भोवताली तंबाखू पिकवणारे शेतकरी आहेत. याच तालुक्यात बैलकुप्पे येथे १९६० च्या सुमारास वसवलेली तिबेटी निर्वासितांची मोठी वसाहत आहे, आणि नागरहोळेच्या जंगलाच्या कडेने जेनु कुरुब आदिवासींच्या वस्त्या आहेत.

आता या चौघांची नावे एकाच फॉर्ममध्ये भरून पाहा. फॉर्म विचारतो : फर्स्ट नेम, लास्ट नेम, जन्मतारीख. जुन्या म्हैसूर भागात कित्येकांना आपल्यासारखे आडनाव नसतेच. नावाला गावाचे आणि वडिलांच्या नावाचे आद्याक्षर जोडलेले असते. तिबेटी माणसाची बहुधा दोन नावे असतात, पण त्यांतले कोणतेही सहसा कुलनाम नसते. जंगलकाठच्या म्हाताऱ्याची जन्मतारीख म्हणजे शुद्ध अंदाज. एका ऑपरेटरने आद्याक्षर आधी घातले, दुसऱ्याने शेवटी घातले, तिसऱ्याने गावाचे नाव आडनावाच्या रकान्यात टाकले, की संगणकाच्या लेखी तीन वेगळी माणसे जन्माला येतात. त्यांतल्या एकाला पेनिसिलिन चालत नाही, दुसऱ्याला मधुमेह आहे आणि तिसऱ्याची शस्त्रक्रिया ठरली आहे. प्रत्यक्षात माणूस एकच, आणि टेबलावर तोच झोपलेला असतो. परदेशात 'लास्ट नेम'च्या रकान्याशी झगडलेल्या वाचकांना हे अधिक समजावून सांगायला नको.

यावर नवे सॉफ्टवेअर हा उपाय नव्हे. येथे लागतो तो समोरच्याला त्याच्या भाषेत दोन प्रश्न जास्त विचारणारा, जुनी नोंद शोधल्याशिवाय नवी न उघडणारा, शंका आल्यास डॉक्टरकडे जाऊन "हे नक्की काय लिहिले आहे?" असे विचारण्याचा अधिकार असलेला माणूस. नेमका तोच आपल्या व्यवस्थेत नाही. त्याच्या खुर्चीवर एजन्सीने पुरवलेला 'डाटा एन्ट्री ऑपरेटर' बसलेला असतो. तो आज येथे, तर पुढच्या वर्षी निविदा बदलली की दुसरीकडे.

२७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. प्रत्येक नागरिकाला १४ अंकी 'आभा' क्रमांक देण्याची ही योजना. असे ७० कोटींहून अधिक क्रमांक निघाले आहेत. योजनेची कल्पना उत्तम आहे, तिच्याविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती क्रमांकालाच नोंद समजण्याच्या सवयीविषयी. क्रमांक मोहिमेत दोन मिनिटांत निघतो. त्या क्रमांकामागे केसपेपर, तपासण्या, डिस्चार्ज कार्ड नसेल, तर तो टाळे लावलेल्या रिकाम्या कपाटासारखा असतो. बेट्टदपुरच्या बाजूचा रुग्ण म्हैसूरच्या के. आर. रुग्णालयात पाठवला जातो तेव्हा त्याचा वैद्यकीय इतिहास अजूनही बहुतेक वेळा कापडदुकानाच्या प्लास्टिक पिशवीतूनच प्रवास करतो.

नोंदीचा हेतू विसरला की ती उलटी फिरते. कर्नाटकात गरोदर स्त्रीला 'तायी कार्ड' देतात. तायी म्हणजे आई. पुढे कोणत्याही दवाखान्यात गेली तरी तिची माहिती तिच्याबरोबर असावी, हा त्यामागचा सुज्ञ विचार. नोव्हेंबर २०२२ मध्ये तुमकूर येथे मूळची तमिळनाडूची एक गरोदर स्त्री प्रसूतिवेदनांत जिल्हा रुग्णालयात गेली. तायी कार्ड आणि आधार नाही म्हणून तिला परत पाठवल्याचे वृत्तपत्रांत आले. घरी ती आणि तिची जुळी बाळे दगावली. डॉक्टर आणि परिचारिका निलंबित झाल्या, आणि तातडीच्या वेळी कागद मागू नयेत असे आदेश निघाले. निलंबन आणि आदेश या प्रशासनाच्या ठरलेल्या दोन प्रतिक्रिया आहेत. मूळ प्रश्न तसाच राहिला : जी नोंद रुग्णाची स्मृती म्हणून निर्माण केली, ती दाराशी उभी राहून रुग्णाला अडवू कशी शकली? उत्तर असे की त्या दाराशी नोंद समजणारे कोणी नव्हते. कागद तपासणारे मात्र होते.

दुसरी उलटी गत आशा कार्यकर्तीची. जानेवारी २०२५ मध्ये बंगळुरूच्या फ्रीडम पार्कमध्ये कर्नाटकातील हजारो आशा दिवसरात्र धरणे धरून बसल्या. मानधनाची मागणी मुख्य होतीच, पण त्यांची एक जुनी तक्रार अशी की प्रोत्साहन भत्ता पोर्टलवरच्या नोंदीशी जोडल्यामुळे केलेल्या कामाचेही पैसे बुडतात. गर्भवतीला घरी जाऊन भेटायचे आशाने, नोंद घ्यायची एएनएमने, संगणकात भरायची तिसऱ्याने, आणि त्याच्याकडून राहिली की भत्ता कापायचा आशाचा! साखळीतल्या सर्वांत दुबळ्या कडीवर सगळा भार टाकून त्याला आपण 'पारदर्शकता' म्हणतो.

आता या चित्राची दुसरी बाजू पाहा. बंगळुरू, चेन्नई, हैदराबाद, पुणे येथे हजारो तरुण-तरुणी अमेरिकेतील रुग्णांच्या नोंदींवर काम करतात. १९९० च्या दशकात मेडिकल ट्रान्सक्रिप्शनपासून सुरुवात झाली. पुढे कोडिंग आले. अमेरिकेने १ ऑक्टोबर २०१५ पासून आयसीडी-१० ची आपली आवृत्ती लागू केली. तिच्यात निदानाचे सुमारे सत्तर हजार संकेतांक आहेत. ते हाताळायला या मुलांना शरीररचना शिकवतात, त्यांच्या परीक्षा घेतात, त्यांचे काम दुसऱ्याकडून तपासून घेतात आणि चुकांचे प्रमाण ठरलेल्या मर्यादेबाहेर गेले तर पुन्हा प्रशिक्षणाला बसवतात. म्हणजे हे काम कौशल्याचे आहे हे आपल्याला कळत नाही असे नव्हे. तोच पदवीधर ओहायोतील म्हाताऱ्याची नोंद लिहितो तेव्हा 'मेडिकल कोडर' असतो आणि पिरियापट्टणच्या म्हाताऱ्याची लिहू लागला की 'ऑपरेटर' होतो. फरक एवढाच की तिकडे नोंद चुकली तर विमा कंपनी रुग्णालयाचे पैसे अडवते. येथे चुकली तर कोणाचेच काही अडत नाही. अडते ते फक्त रुग्णाचे.

यावर तीन आक्षेप नेहमी घेतले जातात.

पहिला : डॉक्टरांनीच टाइप करावे. अमेरिकेने हे करून पाहिले आहे. २००९ च्या हायटेक कायद्याने अब्जावधी डॉलर्सचे प्रोत्साहन दिले, आणि इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवणाऱ्या रुग्णालयांचे प्रमाण २००८ मधील सुमारे ९ टक्क्यांवरून २०१५ पर्यंत सुमारे ८४ टक्क्यांवर गेले. पण २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले की तेथील डॉक्टर रुग्णासमोरच्या प्रत्येक तासामागे जवळजवळ दोन तास संगणकावर आणि कागदपत्रांवर घालवतात. मग त्यांनी डॉक्टरच्या शेजारी लेखनिक बसवले, आणि त्यांतले काही आज भारतात बसून दूरस्थ काम करतात! आपल्याकडे तर, 'बीएमजे ओपन' मध्ये २०१७ साली आलेल्या ६७ देशांच्या आढाव्यानुसार, प्राथमिक तपासणीला डॉक्टरचा वेळ मिळतो सुमारे दोन मिनिटे. त्या दोन मिनिटांतून टायपिंगला किती द्यायची?

दुसरा : आता यंत्र ऐकून लिहील, माणूस कशाला? यंत्राने जरूर लिहावे. पण यंत्राने लिहिलेले बरोबर आहे हे कोण ठरवणार? डॉक्टर कन्नडमिश्रित इंग्रजीत बोलतो, रुग्ण आपल्या बोलीत, आणि सोबत आलेला नातेवाईक तिसऱ्याच भाषेत. यंत्राची चूक मोठी सफाईदार असते, म्हणून ती पकडायला आजच्यापेक्षा अधिक जाणकार माणूस लागेल.

तिसरा : पैसा नाही. सर्व्हर, परवाने, टॅबलेट, सल्लागार यांना पैसा असतो. त्यांची खरेदी होते, उद्घाटन होते, फोटो निघतो. पदनिर्मितीचा प्रस्ताव मात्र वित्त विभागातून शेरा घेऊन परत येतो. हा पैशाचा अभाव नव्हे, प्राधान्यक्रमाचा दोष आहे.

बरे, शासनाला हे काम ठाऊक नाही असेही म्हणता येत नाही. केंद्राची सेंट्रल ब्युरो ऑफ हेल्थ इंटेलिजन्स ही संस्था पुदुच्चेरीचे जिपमेर आणि दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय येथे मेडिकल रेकॉर्ड ऑफिसर व टेक्निशियन यांचे प्रशिक्षण वर्षानुवर्षे देत आली. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय आयोग कायद्याने तर आरोग्य माहिती व्यवस्थापन हा मान्यताप्राप्त आरोग्य व्यवसाय ठरवला. संसदेने ज्याला आरोग्य व्यावसायिक म्हटले, त्याला तालुका रुग्णालयाच्या करारात 'मनुष्यबळ पुरवठा' या शीर्षाखाली बसवायचे, ही कायद्याची थट्टा आहे.

आणि नोंदीला धनी नसला की काय होते, हे २०२२ ने दोनदा दाखवले. जुलैमध्ये महाराष्ट्रातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत वर्षानुवर्षे चाललेली संगणक प्रणाली पुरवठादाराशी असलेल्या वादात बंद पडली आणि रुग्णालये एका दिवसात पुन्हा कागदावर आली. नोव्हेंबरमध्ये सायबर हल्ल्याने दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर ठप्प झाले. कित्येक दिवस काम हाताने चालले. पहिल्यात करार, दुसऱ्यात सुरक्षा. पण दोन्हींमागे एकच उणीव : नोंदीची जबाबदारी वर्षभर, रोज, एका नावावर नव्हती. जेथे पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेल्या चिठ्ठीवर असतो, तेथे २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याची कलमे वाचून दाखवण्यात काय अर्थ?

काय करता येईल? माझ्या मते पुढील पाच गोष्टी, आणि यांतली एकही अशक्य नाही :

१. प्रत्येक तालुका रुग्णालयात मेडिकल रेकॉर्ड अधिकाऱ्याचे एक नियमित पद. भोवतालच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या नोंदींची जबाबदारी त्याच्याकडे.

२. आज काम करणाऱ्या ऑपरेटरांना हाकलू नये. त्यांना प्रशिक्षण व परीक्षा देऊन त्या पदांच्या साखळीत सामावून घ्यावे. त्यांचा अनुभव फुकट घालवण्याजोगा नाही.

३. आढावा बैठकीत टक्केवारीबरोबर तपासणी : दरमहा काही नोंदी काढून मूळ केसपेपरशी ताडून पाहणे, आणि किती चुकल्या ते इतिवृत्तात लिहिणे.

४. आशाचा भत्ता तिने केलेल्या कामावर द्यावा. दुसऱ्याच्या एन्ट्रीवर तो अवलंबून ठेवू नये.

५. रुग्णालयातून निघताना प्रत्येकाला त्याच्या भाषेत वाचता येईल असा सारांश. संगणकातली प्रत ही त्याची दुसरी प्रत असावी.

शेवटी, घरापासून दूर असलेल्या वाचकांना एक विनंती. आपले आई-वडील सोलापूर, बेळगाव, इंदूर किंवा म्हैसुरात उपचार घेतात आणि आपण फोनवर रिपोर्टचे फोटो मागवता. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाने किंवा त्याने नेमलेल्या व्यक्तीने मागितल्यास ७२ तासांत नोंदी देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे, आणि दाखल रुग्णाच्या नोंदी तीन वर्षे जपणेही. ही मागणी लेखी करा. दहा जणांनी केली तर रुग्णालयाला उत्तर देण्यासाठी एक माणूस बसवावा लागेल. शंभर जणांनी केली तर त्या माणसाला काम शिकवावे लागेल. सुधारणा वरून येण्याची वाट आपण पुष्कळ पाहिली. कधी कधी ती खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाच्या अर्जातूनही येते.