गाडीची चमक

मुलांनो, उन्हाळ्यात अकोल्याचा पारा कधी कधी ४५ अंशांच्या वर जातो. अमरावतीतही उघड्यावर उभ्या राहणाऱ्या मोटारीचा रंग ऊन आणि धुळीने फिका पडतो. तो टिकावा म्हणून काही लोक हजारो रुपये देऊन सिरॅमिक कोटिंग करून घेतात. या द्रवात सिलिका असते. तो वाळला की रंगावर पातळ, घट्ट थर बसतो. मग चिखल लवकर निघतो, धुवायला पाणी कमी लागते. आपल्या वऱ्हाडात हा फायदा लहान नाही. पण उडालेला खडा हा थर अडवत नाही. कोरड्या फडक्याने धूळ पुसली, तर त्यावरही चरे पडतात. म्हणून मला वाटते, गाडी रोज उन्हात राहत असेल, तरच हा खर्च करावा. एरवी सावली, बादलीभर पाणी आणि मऊ फडके पुरे. सांगा बरे, तुम्ही आपली सायकल शेवटची कधी पुसली?