यमुनेचे नाव कोणी बुडविले?

मुलीचे बारसे झाले की आमच्या सुशिक्षित मंडळींत एक उसासा हमखास ऐकू येतो. पाळण्यातले नाव दोन अक्षरांचे, त्याचा अर्थ विचारला तर आईबापही चाचरतात, आणि मग कोणी वडीलधारे गृहस्थ उद्गारतात, ''गेली ती जुनी नावे! भागीरथी गेली, गोदावरी गेली, यमुना तर शोधूनही सापडत नाही!'' या हानीचे खापर मग ठरलेल्या डोक्यांवर फुटते : इंग्रजी शाळा, सिनेमा, दूरदर्शन, आणि अलीकडे नावांच्या याद्या पुरविणारा मोबाईल. हा उसासा खोटा असतो असे आम्ही म्हणत नाही. परंतु खापर चुकीच्या डोक्यावर फुटते, असे मात्र आमचे स्पष्ट मत आहे. यमुनेचे नाव सिनेमाने बुडविले नाही. ते आम्हीच, सनई-चौघडा लावून बुडविले, आणि तेही सिनेमा जन्मास येण्यापूर्वी.

नाव काही सामान्य नव्हे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नदीसूक्तात गंगेपाठोपाठ यमुनेस हाक मारलेली आहे. 'यम' या शब्दाचा एक अर्थ जुळे. यम आणि यमी ही विवस्वानाची जुळी भावंडे, आणि पुराणांनी ही यमी म्हणजेच सूर्यकन्या यमुना असे मानले. यमद्वितीयेस यम बहिणीच्या घरी जेवावयास आला, ही कथा आमच्या घराघरांत भाऊबीजेच्या पाटावर बसून ऐकलेली असते. प्रत्यक्ष मृत्यूसही ज्या बहिणीच्या दारी पाहुणा होऊन यावे लागले, तिचे हे नाव.

यमुना महाराष्ट्रातून वाहत नाही हे खरे. पण मराठी घरात ती रोज येत असे. सकाळी स्नानाच्या तांब्यात ज्या सात नद्यांस बोलावीत त्यांत ती दुसरी. गौळणी गाणाऱ्या बायकांनी मथुरेचा बाजार कधी डोळ्यांनी पाहिला नसेल, पण यमुनेचा घाट त्यांस आपल्या गावच्या पाणवठ्यासारखा ठाऊक होता. म्हणून देशावर काय आणि कोकणात काय, घरोघर यमू, यमी, यमुताई, यमुनाक्का नांदत होत्या. बाबा पदमनजी यांनी १८५७ साली 'यमुनापर्यटन' लिहिले, तेव्हा हिंदू विधवांचे हाल डोळ्यांनी पाहत हिंडणाऱ्या आपल्या नायिकेस त्यांनी कोणते नाव दिले, ते पुस्तकाच्या मथळ्यावरच आहे. वाचणाऱ्यास ती आपल्याच आळीतील वाटावी, असे ते नाव होते.

येथे एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात, नक्षत्राचे, वृक्षाचे वा नदीचे नाव असलेली कन्या वरू नये, असे स्पष्ट सांगितले आहे. उठल्याबसल्या मनूचा हवाला देणाऱ्या घरांतूनही या वचनाकडे खुशाल काणाडोळा झाला आणि गंगा, यमुना, गोदा, कृष्णा, तापी यांची लग्ने थाटात लागली. शास्त्रापेक्षा माया मोठी ठरली. याबद्दल आमच्या पूर्वजांचे कौतुकच केले पाहिजे. दुर्दैव इतकेच, की मनूस न जुमानता ठेवलेले हे नाव मांडवाच्या पलीकडे पोहोचू दिले नाही.

१८६२ साली देवराष्ट्रे येथील कुर्लेकरांच्या घराण्यात एक यमुना जन्मली. १८७३ साली तिचे लग्न महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाले, आणि आपण तिला रमाबाई म्हणून ओळखतो. १८६५ साली कल्याणास दुसरी यमुना जन्मली. नवव्या वर्षी गोपाळराव जोशी यांच्याशी तिचे लग्न झाले, आणि १८८६ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे डॉक्टरीण होऊन, पुढील वर्षी पुण्यास वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी निवर्तली, ती आनंदीबाई. अवघ्या तीन वर्षांच्या अंतराने जन्मलेल्या या दोघी. महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाचा इतिहास यांच्यावाचून लिहिताच येत नाही, आणि त्या इतिहासात यमुना हे नाव शोधावयाचे तर चरित्राच्या पहिल्या पानावरच शोधावे लागते. टिळकांच्या घरी तापीची सत्यभामा झाली. झाशीच्या मनकर्णिकेची लक्ष्मी झाली. १८९३ साली गोदूबाईंनी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. विधवेशी लग्न केले म्हणून गावाचा बहिष्कार सोसण्यास जे घर तयार झाले, त्या घरातही गोदूची आनंदी झालीच! रूढी मोडणाऱ्यांच्या हातूनही ही एक रूढी मोडली नाही, इतकी ती अंगवळणी पडली होती.

या रीतीच्या कैवाऱ्यांचे म्हणणे आम्हांस ठाऊक आहे. ते म्हणतात, विवाह हा स्त्रीचा दुसरा जन्म. नव्या जन्मास नवे नाव. ताटात तांदूळ पसरून सोन्याच्या अंगठीने पती ते लिहितो, यात केवढी हौस, केवढी माया! रमा काय, आनंदी काय, नावे गोडच होती, आणि त्या बायांनीही ती आनंदाने मिरविली. मिरविली हे आम्हांस मान्य आहे. पण मग आमचा साधा सवाल असा, की त्याच होमापुढे बसलेल्या वराचा दुसरा जन्म का होत नाही? महादेव महादेवच राहिला, गोपाळ गोपाळच राहिला. नऊ वर्षांच्या पोरीस संमती कोणी विचारली होती? आणि हौसेचे म्हणाल, तर तिने पतीचे नाव उखाण्याच्या आडून घ्यावयाचे आणि स्वतःचे मुळीच ठेवावयाचे नाही, ही हौस नेमकी कोणाची?

नाव दुर्मिळ कसे होते, तेही पाहा. आमच्याकडे नाव आजीकडून नातीकडे जाते. परंतु घरात आजीचे जे नाव चालते ते सासरचे. तिचे मुलगे, सुना, नातवंडे तिला त्याच नावाने ओळखतात. ती गेल्यावर नातीस नाव ठेवले जाते ते रमेचे, यमुनेचे नव्हे. पाळण्यातील नाव पुढे न्यावयास कोणी उरतच नाही. कोणी म्हणेल, सासरी येणाऱ्या एखाद्या सुनेसही यमुना नाव मिळत असेलच. असेल, पण बांगड्यांप्रमाणे उतरविता आणि चढविता येणाऱ्या नावाची मुळे ती कितीशी धरणार? काळाची आवड बदलली, हेही आम्ही नाकारीत नाही. आवडीने जे नेले ते मागाहून नेले.

आमच्या आजीस सारे घर लक्ष्मी म्हणून ओळखी. भाऊबीजेस कोकणातून तिचा थोरला भाऊ येई आणि अंगणातूनच ''यमे!'' अशी हाक मारी. आम्ही मुले हसत असू, की ही यमी कोण? आजी मात्र पदर सावरीत लगबगीने बाहेर येई. तशी ती एरवी कोणाच्याही हाकेस आलेली आम्हीं पाहिली नाही. तो भाऊ वारला, त्यानंतर बारा वर्षे आजी जगली, आणि त्या बारा वर्षांत ते नाव आमच्या घरात एकदाही उच्चारले गेले नाही.

ज्या नावास आम्ही माजघरात जागा दिली नाही, ते जन्मभर कोणी सांभाळले? यमुनाबाई वाईकरांनी. १९१५ साली कोल्हाटी समाजात जन्मलेल्या या लावणीगायिकेने ते नाव गावोगावच्या तमाशाच्या फडांतून संगीत नाटक अकादमीच्या सन्मानापर्यंत आणि २०१२ साली पद्मश्रीपर्यंत नेले. १०२ वर्षांचे आयुष्य भोगून २०१८ साली त्या गेल्या, त्या यमुनाबाई म्हणूनच. ज्या बैठकीकडे आमचे पांढरपेशे घर नाक मुरडीत असे, तेथे बाईचे नाव बाईचेच राहिले. जुन्या नावांसाठी उसासे टाकणाऱ्यांनी याचा थोडा विचार करावा.

आता जुनी नावे पुन्हा उजळविण्याची एक टूम निघाली आहे. त्यातही निवडानिवड आहेच : कालिंदी चालते, यमुना चालत नाही. नदी एकच, पाणी तेच. पण कालिंदी काव्यातील आणि यमी स्वयंपाकघरातील! तेव्हा दोष नावाच्या नादात नाही, हे उघड आहे. आमच्या नातीचे नाव यमुना ठेवा, असा आग्रह आम्ही धरीत नाही. अन्वी ठेवा, रिया ठेवा, पण ठेवलेले नाव तिचे तिला राहू द्या. तांदळाचे ताट आजही कित्येक सुशिक्षित घरांतून पुढे येते, आणि पदवीधर वधू लाजून अंगठीकडे पाहते. 'केवळ गंमत' म्हणून!

महाराष्ट्र सरकारने १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मणाऱ्या मुलांच्या नावापुढे, वडिलांच्या नावाआधी, आईचे नाव सरकारी कागदपत्रांत घालणे आवश्यक केले आहे. निर्णय स्तुत्य आहे. पण आई जर ताटातल्या तांदळांत एकदा बदलून आली असेल, तर त्या रकान्यात कोणती आई लिहिणार? आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी येत्या लग्नसराईत सून यावयाची आहे, त्यांनी अंगठी घ्यावी, ताटही खुशाल मांडावे. आणि त्यात तिच्या आईने पाळण्यात घातलेलेच नाव लिहवून घ्यावे.