सर्वात मोठा मल्ल कोण?



मागच्या पंधरवड्यात एका साखरपुड्याच्या निमित्ताने आम्ही पिंपरी पेंढारला गेलो होतो. कल्याण-नगर रस्त्यावरचे हे आमच्या मावसभावाचे गाव. पंगती उठल्या, पानसुपारी झाली. बिबट्याच्या धास्तीने हल्ली त्या भागात अंधार पडल्यावर कोणी एकटेदुकटे मळ्याच्या वाटेला लागत नाही. त्यामुळे वस्तीवर जाणारी मंडळीही मांडवातच बसून राहिली. मग गप्पांना काय तोटा?

विषय निघाला कुस्तीचा. जुन्नर, आंबेगाव, खेड या पट्ट्यात जत्रा म्हटली की आखाडा आलाच. मावसभावाचे सासरे, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, त्यांनी मांडी ठोकून सांगितले, "आंदळकरांवाणी गडी परत व्हायचा न्हाय." दुसरे एक गृहस्थ मारुती मान्यांच्या बाजूचे. पोरांच्या तोंडी नवी नावे. शेजारच्या खेड तालुक्यातला शिवराज राक्षे जानेवारी २०२३ मध्ये महाराष्ट्र केसरी झाला, तर त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मोहोळचा सिकंदर शेख. एवढ्यात मुंबईला शिकणारा एक भाचा म्हणाला, "हे सगळे ठीक आहे, पण मोहम्मद अलीपुढे यातला कोण टिकला असता?"

झाले! मांडवात दोन तट पडले. तात्या आमच्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही शिकल्यालं हायसा, हिशेबातलं हायसा. नंबर लावून द्या, म्हंजी भांडान मिटंल."

आम्ही पेशाने कारकून. जमा-नावे जुळल्याशिवाय आम्हाला घास गोड लागत नाही. तेव्हा पंगतीच्या उरलेल्या कागदावर रकाने आखले आणि बसलो.

भाच्याचा प्रश्न आधी निकालात काढला, कारण त्याचा प्रयोग होऊन गेलेला आहे. २६ जून १९७६ रोजी टोकियोत अली आणि जपानचा कुस्तीगीर अंतोनियो इनोकी यांची झुंज लावली होती. पंधरा फेऱ्यांत इनोकी बहुतेक वेळ पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारत राहिला. अलीला ठोसा मारायला माणूस सापडेना. शेवटी बरोबरी. पैसे भरून आलेल्या लोकांनी दोघांच्याही नावाने बोटे मोडली. तेव्हा मुष्टियोद्धे एका वहीत आणि मल्ल दुसऱ्या वहीत, हे ठरले.

पण एकाच वहीत तरी हिशेब जुळतो का? रॉकी मार्सियानो हा मुष्टियोद्धा ४९ लढती खेळला आणि ४९ जिंकून १९५६ साली निवृत्त झाला. कागदावर त्याच्या तोडीचा कोणी नाही. पण त्याचे वजन ८५ किलोच्या आसपास. आजच्या नियमाने तो हेवीवेट गटात बसतच नाही, कारण तो गट ९० किलोच्या पुढे सुरू होतो. अमेरिकेत एकदा हा वाद संगणकाकडे सोपवला होता. अली आणि निवृत्त मार्सियानो यांना कॅमेऱ्यापुढे लुटुपुटीची झुंज खेळायला लावली आणि शेवट संगणक सांगेल तो, असे ठरले. १९७० साली हा चित्रपट लागला. अमेरिकेत दाखवला त्यात मार्सियानो जिंकला, युरोपात दाखवला त्यात अली! गिऱ्हाईक पाहून ताळेबंद बदलणारे हिशेबनीस आम्ही पुष्कळ पाहिले आहेत, पण यंत्रही तसलेच निघावे याचे नवल वाटले.

कुस्तीचे कोडे याहून अवघड. जुनी कुस्ती निकाली. पाठ मातीला लागेपर्यंत वेळेचे बंधन नाही, तास तास जोड झुंजायची. आता सहा मिनिटे आणि गुण. महाराष्ट्र केसरीला मातीचा वेगळा आणि गादीचा वेगळा विजेता निघतो आणि मग त्या दोघांत किताबाची कुस्ती होते. मातीत दम लागतो, गादीवर चपळाई लागते. १९५९ चे हिंद केसरी श्रीपती खंचनाळे किंवा १९६० चे गणपतराव आंदळकर यांना आजच्या घड्याळाखाली उभे करणे जसे अन्यायाचे, तसेच आजच्या पोराला तास तासाची कुस्ती खेळायला लावणेही अन्यायाचे.

तरी आम्ही तात्यांच्या बाजूने कौल दिला. कारण १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत आंदळकर सर्वात वजनदार गटात उतरले आणि मातीत वाढलेल्या या गड्याने गादीवर ग्रीको-रोमन पद्धतीत सुवर्ण व फ्रीस्टाईलमध्ये रौप्य आणले. त्याच स्पर्धेत मारुती माने यांनी ९७ किलो गटात फ्रीस्टाईलचे सुवर्ण आणि ग्रीको-रोमनचे रौप्य मिळवले. दोघेही सांगली जिल्ह्याचे. आंदळकरांचा गट वरचा, एवढ्या एका कारणाने त्यांना पहिले ठेवले आणि मान्यांना दुसरे. मान्यांची बाजू घेणारे गृहस्थ रुसले, पण जिलेबी आल्यावर निवळले.

मुष्टियोद्ध्यांच्या वहीत मात्र आमची लेखणी अडली. खरे म्हणजे हे लिहायला बसलो ते याच कारणासाठी.

एकोणिसाव्या शतकात जॉन सुलिव्हन नावाचा जगज्जेता होता. काळ्या माणसाशी आपण खेळणार नाही, असे तो उघड सांगे आणि लोक त्याला शूर म्हणत. पुढच्यांनीही तीच रेघ पाळली. गुलामगिरीतून सुटलेल्या आईबापांचा मुलगा जॅक जॉन्सन जगज्जेत्या टॉमी बर्न्सच्या मागे देशोदेशी फिरला, तेव्हा कुठे २६ डिसेंबर १९०८ ला सिडनीत त्याला संधी मिळाली आणि त्याने किताब घेतला. गोऱ्यांची इज्जत राखण्यासाठी निवृत्त जेफ्रीजला शेतावरून परत आणले, त्यालाही जॉन्सनने ४ जुलै १९१० रोजी लोळवले. त्या रात्री अमेरिकेच्या अनेक शहरांत काळ्या लोकांवर हल्ले झाले, माणसे मेली. खेळात हरल्याचा राग वस्तीवर निघतो, हे आपल्याला नवे नाही.

१९१५ साली जॉन्सन हरला आणि दार पुन्हा बंद झाले. एकदोन नव्हे, तब्बल २२ वर्षे एकाही काळ्या माणसाला त्या किताबासाठी उभे राहू दिले नाही. हॅरी विल्स वर्षानुवर्षे आव्हान देत राहिला, डेम्प्सीशी त्याची गाठ पडलीच नाही. १९३७ साली जो लुईने ते दार उघडले. मग त्याने बारा वर्षे किताब राखला आणि २५ वेळा वाचवला.

एक गोष्ट सांगायला जीभ अडखळते, पण सांगतो. जॉन्सन स्वतः जगज्जेता झाल्यावर त्याच्या रंगाचा सॅम लँगफर्ड त्याला आव्हान देत होता. जॉन्सनने त्याला दाद दिली नाही. गोऱ्याशी खेळण्यात पैसा जास्त आणि धोका कमी होता. आपणही वर चढल्यावर शिडी ओढून घेणारी माणसे पाहिली आहेत. नावे कशाला घ्यायची?

तर आता सांगा, लँगफर्डला कितवा नंबर द्यायचा? विल्सला कितवा? वहीत त्यांच्या नावापुढे किताब नाही, कारण वही लिहिणाराच दारात उभा होता.

हे मांडवात सांगत असताना आम्हाला आमच्या वडिलांची आठवण झाली. आमच्या मूळ गावाचे नाव घेत नाही, तिथे आज चांगली माणसे आहेत. आंदळकर आणि माने जकार्ताहून पदके घेऊन आले त्या साली वडील सोळा वर्षांचे होते. अंगाने धिप्पाड. जत्रेच्या आधी आखाड्याची माती खणून, चाळून, पाट्यांनी वाहून टाकायचे काम आमच्या वाड्याकडे. हलगी आजोबांची. पण त्या मातीत एकदा तेल, ताक, हळद पडली की आमच्यातल्या कोणी तिला पाय लावायचा नाही. वडील कडेला उभे राहून सगळे डाव शिकले. रात्री नदीच्या वाळूत चुलतभावांबरोबर तेच डाव करत. एकलांगी त्यांना फार छान साधायची असे आमची चुलती सांगे. ती कोणा पंचाने पाहिली नाही.

तात्या इतका वेळ ऐकत होते. ते म्हणाले, "म्या पन हलगीच वाजिवली." आणि गप्प झाले. मग कोणीच काही बोलले नाही.

आम्ही अलीला पहिला नंबर दिला. १९६७ साली व्हिएतनामच्या युद्धात जायला नकार दिला म्हणून त्याचा किताब काढून घेतला, ऐन पंचविशीतली साडेतीन वर्षे वाया घालवली. तरी तो परत आला आणि १९७४ साली किन्शासात फोरमनला पाडले. लिस्टन, फ्रेझियर, फोरमन, नॉर्टन असल्या बिकट जोडी आणखी कोणाच्या खात्यावर आहेत? दुसरा लुई, तिसरा जॉन्सन, चौथा मार्सियानो. यात कोणाला भांडायचे असेल त्याने पत्र लिहावे.

एवढ्यात भांडी घासून हात पुसत आमची मावसवहिनी आली. म्हणाली, "भावजी, नंबर लावून झालं असतील तर माझ्या पोराकडं बघा. सातवीत हाय. कुस्ती, कुस्ती करून डोकं खातंय. रोज दोन लिटर दूध, बदाम, तूप, कुठनं आनू मी? आन् हे सगळं पाहा की, शंभर शंभर किलोचं रेडं. ह्याचं अंग तर काडीवाणी."

आमच्याही डोक्यात रात्रभर वजनदारच चालले होते. कागद उलटा करून वेगळा हिशेब मांडला. पॅरिस २०२४ पर्यंत भारताला ऑलिम्पिकमध्ये कुस्तीची पदके किती? आठ. त्यातले एकही ६६ किलोच्या वरच्या गटातले नाही! पहिले आपल्याच गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचे, १९५२ साली हेलसिंकीत, ५७ किलोत. त्यांच्या प्रवासासाठी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले होते. टोकियोत रवी दहिया आणि पॅरिसमध्ये अमन सेहरावत, हेही ५७ किलोचे. आपल्या बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा राहुल आवारे २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलोत सुवर्ण घेऊन आला आणि २०१९ मध्ये ६१ किलोत जागतिक कांस्य. गदा, फेटा आणि हत्तीवरची मिरवणूक मोठ्या वजनाला, ऑलिम्पिकचे पदक मात्र हलक्याला.

वहिनींना आम्ही सांगितले ते इतर माऊल्यांसाठीही लिहितो. राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत राहणे, जेवण आणि शिकवणे सरकारी खर्चाने होते, कुस्तीही तिथे आहे. लष्कराच्या बॉईज स्पोर्ट्स कंपन्यांतही पोरे निवडून घेतात, पुण्यात अशी एक आहे आणि तिथे कुस्ती व मुष्टियुद्ध दोन्ही चालते. दोन्हीकडे लहान वयातच चाचणी देऊन जावे लागते. दहावीनंतर बघू म्हटले की गाडी निघून गेलेली असते. जन्माचा दाखला आणि शाळेची कागदपत्रे तयार ठेवा. जाहिरात निघाली की शाळेतल्या क्रीडाशिक्षकांना विचारत चला, लाजू नका.

पोरगा खांबाआडून ऐकत होता. तात्यांनी त्याला हाताला धरून पडवीतल्या कांद्याच्या काट्यावर उभा केला. काटा हलून हलून थांबला. ४१ किलो.

वहिनींचा विश्वास बसेना. त्या वाकून पाहत म्हणाल्या, "ह्यो काटा येपाऱ्याचा हाय. कांद्याला गोनीमागं दोन किलो खातो. पोराचं पन खाल्लं असंल. सकाळी दवाखान्यात नेऊन बघते."