वैमानिकाचा नकार

प्रशांत महासागरातील किरिबाती या चिमुकल्या प्रजासत्ताकाच्या उच्च न्यायालयावर 2018 मध्ये ज्यांची नेमणूक झाली, ते मूळचे ऑस्ट्रेलियन असलेले डेव्हिड लॅम्बोर्न हे विरोधी पक्षनेत्या टेस्सी लॅम्बोर्न यांचे पती. आणि हेच नाते सरकारच्या डोळ्यांत सलले असावे, असे मानल्यावाचून पुढील घटनांची संगती लागत नाही. त्यांच्या नेमणुकीची मुदत तीनच वर्षांची, हा सरकारचा पवित्रा सरन्यायाधीश विल्यम हेस्टिंग्ज यांनी घटनाबाह्य ठरविला. 2022 मध्ये दोघेही निलंबित झाले. ऑगस्टमध्ये हद्दपारीचा हुकूम घेऊन अंमलदारांनी लॅम्बोर्न यांना तारावाच्या विमानतळावर नेले खरे, परंतु राजी नसलेल्या प्रवाशास घेऊन उडण्यास फिजी एअरवेजच्या वैमानिकाने साफ नकार दिला. (कायद्याची बूज विमानाच्या दाराशी राखली जावी, हाही काळाचा महिमा!) अपील न्यायालयाने हद्दपारीस मनाई केली असताही त्यांना स्थानबद्ध करण्यात आले. सप्टेंबरात त्या न्यायालयाचे तिन्ही न्यायमूर्ती निलंबित झाले, आणि पुढे हंगामी सरन्यायाधीश म्हणून ज्यांना बसविण्यात आले, त्या सरकारच्याच महान्यायवादी होत्या.