जखमेची भरपाई ही वाटणीची मिळकत नव्हे!

अर्नाळा, आगाशी, विरार, वसईच्या नागरिकांसाठी पत्रक

अर्नाळ्याचा नोकरदार बसने किंवा रिक्षाने विरार गाठतो आणि तिथून गच्च भरलेली लोकल पकडतो. तिच्यातून पडून पाय गेला, तर रेल्वे कायदा 1989 च्या कलम 124-अ नुसार रेल्वेची चूक सिद्ध न करताही भरपाई मिळते. 2017 पासून तिची कमाल मर्यादा 8 लाख रुपये आहे. पुढे संसार मोडला, तर या पैशांवर हक्क कुणाचा?

गोव्यातल्यासारखी नवरा-बायकोच्या सामाईक मालमत्तेची पद्धत महाराष्ट्रात नाही. पण हिंदू विवाह कायद्याच्या कलम 25 खाली पोटगी ठरवताना न्यायालय दोघांचे उत्पन्न आणि मालमत्ता पाहते. नागपूर खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या रजनेश विरुद्ध नेहा खटल्याच्या 2020 च्या निकालाने दोघांनाही मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र बंधनकारक झाले. त्यात भरपाईची मुदतठेव दिसते. ती कशासाठी मिळाली, हे मात्र आकड्यावरून कळत नाही.

अन्याय इथेच होतो.

राजकुमार विरुद्ध अजयकुमार खटल्यात 2010 साली सर्वोच्च न्यायालयाने मोटार अपघाताच्या भरपाईचे भाग स्पष्ट केले: उपचार, बुडालेली कमाई, पुढचे उपचार, वेदना, हरपलेले जीवनसुख. उद्याच्या शस्त्रक्रियेचे पैसे आज पोटगीत गेले, तर ती शस्त्रक्रिया कोण करणार? कामगाराच्या भरपाईवर जप्ती आणता येणार नाही, हे 1923 च्या कायद्यानेच सांगितले होते.

बुडालेल्या कमाईची गोष्ट वेगळी. माणूस धडधाकट असता, तर त्याच पगारातून घर चालले असते. म्हणून त्या भागावर मुलांचा आणि निराधार जोडीदाराचा हक्क राहिलाच पाहिजे. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने 2011 साली पत्नी आणि जुळ्या मुलांच्या निवाऱ्यासाठी जखमी पतीच्या भरपाईतून रक्कम दिली, पण मुले मोठी झाल्यावर तिचा एक तृतीयांश हिस्सा त्याला परत मिळेल, अशी तजवीजही केली.

अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्या बायकोला रिकाम्या हाताने घराबाहेर काढणेही तितकेच चुकीचे. आणि जखमी बायको असेल, तर तिलाही हेच संरक्षण हवे.

आमच्या मागण्या:

1. उपचार, मदतनीस आणि वेदनांपोटी मिळालेली रक्कम पोटगीच्या हिशेबातून कायद्यानेच वगळावी.
2. कमाईच्या भागातून मुलांची सोय आधी व्हावी.
3. रेल्वेची भरपाई ठोक मिळते. तिच्यातून उपचार आणि कृत्रिम अवयवाचा खर्च आधी बाजूला काढावा.

ज्यांचे पोटगीचे दावे चालू आहेत, त्यांनी भरपाईच्या निवाड्याची प्रत आणि पुढच्या उपचारांचे डॉक्टरांचे अंदाजपत्रक प्रतिज्ञापत्राला जोडावे आणि प्रत्येक भागाचा वेगळा विचार व्हावा, अशी लेखी मागणी न्यायालयाकडे करावी.